तिने आधी सांगायला हवं होतं म्हणे!

अंतराळातल्या लढायांच्या चित्रपटाचं आपल्या अंकात काय काम, असं काही मैत्रिणींना वाटेल. यानं, स्फोट, चकाकत्या तलवारी, हा सगळा मुलग्यांचा खेळ. आपल्यापुढे घरातल्या मारहाणीपासून पोटगीपर्यंत इतके प्रश्न पडलेले असताना त्यात कशाला वेळ घालवायचा? पण आपल्या घरातली, वस्तीतली मुलंमुली हे चित्रपट आवडीने पाहतात. बाई कशी असते, पुरुष कसा असतो, कुणाचं ऐकायचं आणि कुणाला जाब विचारायचा, हे शाळेच्या पुस्तकाइतकंच अशा गोष्टींतूनही मनात मुरत जातं. आणि यातल्या एका चित्रपटाने तर आपलाच रोजचा प्रश्न हाती घेतला आहे: अधिकार बाईच्या हाती आला की तिच्यावर विश्वास का बसत नाही?

हा चित्रपट म्हणजे २०१७ सालचा 'द लास्ट जेडाय'. १९७७ मध्ये सुरू झालेल्या 'स्टार वॉर्स' मालिकेतला हा आठवा भाग. लेखक आणि दिग्दर्शक रायन जॉन्सन. या प्रकारच्या चित्रपटांना 'स्पेस ऑपेरा' म्हणतात आणि त्या नावाचीही एक गंमत आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर गृहिणींसाठी कौटुंबिक मालिका लागत. त्यांचा खर्च साबणाच्या कंपन्या करत, म्हणून त्यांना 'सोप ऑपेरा' असं हेटाळणीचं नाव पडलं. काउबॉयपटांना 'हॉर्स ऑपेरा' म्हणू लागले. त्याच चालीवर १९४१ मध्ये विल्सन टकर या लेखकाने रटाळ, साचेबंद अंतराळकथांना 'स्पेस ऑपेरा' म्हटलं. म्हणजे बायकांच्या गोष्टींना हिणवणारा शब्द फिरत फिरत पुरुषांच्या गोष्टींना जाऊन चिकटला! पुढे तो शब्द मानाचा झाला. त्या प्रकारात लिहून 'स्पेस ऑपेराची राणी' म्हणून नाव मिळवलेली ली ब्रॅकेट ही बाईच होती. या मालिकेच्या पहिल्या सीक्वेलचा, १९८०च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'च्या पटकथेचा, पहिला खर्डा तिने लिहिला आणि १९७८ मध्ये ती कर्करोगाने गेली. नंतर पटकथा बरीच बदलली, तरी श्रेयनामावलीत तिचं नाव राहिलं. पडद्यावर मात्र त्या पहिल्या तीन चित्रपटांत राजकन्या लेया सोडली, तर बायकांच्या तोंडी वाक्यं अगदी मोजकी.

आता 'लास्ट जेडाय'ची गोष्ट. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'फर्स्ट ऑर्डर' ही जुलमी फौज एकेक ग्रह घशात घालत निघाली आहे. तिच्याशी मूठभर बंडखोर लढत आहेत आणि त्यांची प्रमुख आहे जनरल लेया, १९७७ मधली तीच राजकन्या, आता वयस्क. भूमिका कॅरी फिशरची. तिचं काम संपल्यावर, चित्रपट लागायच्या वर्षभर आधी, डिसेंबर २०१६ मध्ये ती वारली. सुरुवातीलाच पो डॅमरॉन हा देखणा, धाडसी वैमानिक लेयाचा हुकूम धुडकावून शत्रूच्या एका अजस्र जहाजावर हल्ला करतो. जहाज नष्ट होतं, पण बंडखोरांची सगळी बॉम्बफेकी विमानं आणि त्यातली माणसं जातात. लेया त्याच्या मुस्काटात मारते आणि त्याचा हुद्दा उतरवते. लगेच पुढच्या हल्ल्यात ती स्वतः जबर जखमी होऊन बेशुद्ध पडते आणि सूत्रं येतात व्हाइस ॲडमिरल होल्डोकडे. ही भूमिका लॉरा डर्नने केली आहे.

होल्डो कशी दिसते? उंच, सडपातळ, मध्यमवयीन. जांभळट केस, अंगात लांब झगा, हातात कडी. पोने तिच्या एका मोठ्या लढाईची कीर्ती ऐकलेली आहे. तरी तिला पाहताच तो शेजाऱ्याला म्हणतो की, ही तीच का, मला वाटली होती तशी नाही ही. पराक्रम माहीत आहे, पण रूप त्या पराक्रमाच्या साच्यात बसत नाही! तो तिच्याकडे जाऊन बेत काय आहे ते विचारतो. ती त्याला सांगत नाही. उतावळा म्हणून गप्प बसवते.

इथे कथा सांगणाऱ्याने केलेली युक्ती नीट पाहायला हवी. कॅमेरा पोबरोबर राहतो. त्याला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं. होल्डो आपल्याला त्याच्या नजरेतून दिसते: थंड, तुटक, काहीतरी लपवणारी. इंधन संपत चाललं आहे, शत्रू मागावर आहे आणि ही बाई नुसती पुढे पुढे पळते आहे. शिवाय हा सीक्वेल आहे. सीक्वेलकडे एक भांडवल असतं, ते म्हणजे प्रेक्षकाची आठवण. चाळीस वर्षं या मालिकेने आपल्याला शिकवलं आहे की ऐन वेळी मनाचं ऐकणारा तरुण वैमानिकच जिंकतो. १९७७ मध्ये ल्यूकने नेम धरणारं यंत्र बंद केलं आणि अंतःप्रेरणेवर विसंबून शत्रूचा किल्ला उडवला. त्यामुळे पो जेव्हा होल्डोच्या पाठीमागे स्वतःचा बेत आखतो, फिन आणि रोझ या दोघांना गुपचूप मोहिमेवर पाठवतो आणि शेवटी होल्डोला भ्याड आणि देशद्रोही म्हणून तिच्याविरुद्ध शस्त्र उचलतो, तेव्हा प्रेक्षक त्याच्या बाजूने असतात. तशीच गोष्टीची बांधणी आहे.

आणि मग शुद्धीवर आलेली लेया येते आणि बेशुद्ध करणाऱ्या शस्त्राने पोलाच आडवा करते. होल्डोचा बेत आता कळतो. जवळच्या एका ग्रहावर जुना तळ आहे. शत्रूचं लक्ष मोठ्या जहाजावर आहे, लहान वाहनांवर नाही. तेवढ्यात सगळ्यांना त्या वाहनांतून उतरवायचं आणि होल्डोने एकटीने मोठ्या जहाजावर मागे थांबायचं. साधा, शहाणा, माणसं वाचवणारा बेत. तो फसतो पोमुळे. त्याच्या गुप्त मोहिमेत सामील करून घेतलेला एक भामटा ही खबर शत्रूला विकतो आणि निःशस्त्र वाहनं एकामागून एक उडवली जातात. अखेरीस एका जहाजात मावतील एवढीच माणसं उरतात.

चित्रपट आला तेव्हापासून यावर एक आक्षेप सतत घेतला गेला: तिने आधी सांगायला हवं होतं! सांगितलं असतं तर बंडच झालं नसतं, हा कथेतला दोष आहे. या आक्षेपात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. आपण चळवळीतल्या बायका निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यावेत, माहिती दडवू नये असं मानतो. संकटात सापडलेल्या माणसांना धीर देणं हेही नेतृत्वाचं काम असतं आणि होल्डो ते पोच्या बाबतीत तरी करत नाही. पण मग एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. पोने तरी तिला कुठे सांगितलं होतं? तोही बेत लपवतो. तोही माणसं परस्पर मोहिमेवर पाठवतो, आणि जहाजाची प्रमुख तो नाही, ती आहे. हुकूम मोडून नुकतीच माणसं गमावलेल्या अधिकाऱ्याला तिने गुपित न सांगणं हा दोष. त्याने तिच्यापासून गुपित ठेवणं हे मात्र साहस. दोन लपवाछपव्या, पण जाब एकीलाच.

हे आपल्याला अनोळखी नाही. ग्रामपंचायतीतल्या महिला सदस्यांच्या प्रशिक्षणात मी काम करते. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली तेव्हा एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव झाल्या, महाराष्ट्रात २०११ मध्ये निम्म्या. बायका निवडून आल्या, बसू लागल्या, सह्या करू लागल्या. आणि त्यांच्याबद्दल जी तक्रार मी गावोगाव ऐकते ती हीच: "बाई काही सांगतच नाहीत हो!" आधीचे सरपंच संध्याकाळी पारावर चार मित्रांत निर्णय ठरवून मोकळे व्हायचे. त्याला कुणी लपवाछपवी म्हटलं नाही, त्याला राजकारण म्हणत. बाईने एखादी गोष्ट सभेत यायच्या आधी पोटात ठेवली की ती आतल्या गाठीची. पुरुषावर विश्वास असतो, तो मोडला तर जातो. बाईला तो आधी कमवावा लागतो, आणि तिला मिळालेल्या पदाने तो कमवून होत नाही. 'लास्ट जेडाय'ची करामत ही की तो हे सांगत बसत नाही. तो प्रेक्षकाला तासभर पोच्या शेजारी बसवतो आणि मग त्याच्या खालचा पाट काढून घेतो.

म्हणून हा चित्रपट स्त्रीवादी म्हणून डोक्यावर घ्यावा का? मला तसं वाटत नाही. आणि कारणंही गोष्टीच्या सांगण्यातच आहेत.

पहिलं असं. याच चित्रपटात एक दुसरी कथा आहे, ल्यूक आणि त्याचा भाचा बेन यांची. एका रात्री ल्यूक झोपलेल्या बेनच्या खोपटात तलवार घेऊन उभा राहिला आणि त्यातून बेन शत्रूला मिळाला. त्या एका रात्रीची हकिगत आपण तीनदा ऐकतो. आधी ल्यूकच्या तोंडून, सोयीची. मग बेनच्या तोंडून, ज्यात मामा खुनी आहे. मग पुन्हा ल्यूकच्या तोंडून, ज्यात तो क्षणभराचा मोह आणि त्याची शरम कबूल करतो. कौटुंबिक सल्ला केंद्रात बसणाऱ्या कुणालाही हा भाग फार ओळखीचा वाटेल. एकाच रात्रीचे तीन जबाब, आणि खरं काय ते तिन्हींच्या मधे कुठेतरी. दोन पुरुषांच्या एका रात्रीसाठी दिग्दर्शकाकडे तीन जबाबांइतका वेळ आहे. होल्डोचा मात्र एकही जबाब नाही. तिचा बेत पोला लेया समजावून सांगते. तिला भीती वाटली का, एवढ्या माणसांचा भार तिने कसा पेलला, पोला न सांगताना तिच्या मनात काय होतं, हे तिच्या बाजूने एकदाही कळत नाही. तिच्यावर अविश्वास दाखवायला तासभर दिला, तिची बाजू तिच्या तोंडून ऐकायला मिनिटही नाही.

दुसरं, तिचा मोठेपणा सिद्ध होतो तो मरणाने. वाहनं उडवली जात असताना ती एकटी आपलं जहाज वळवते आणि प्रकाशाच्या वेगाने शत्रूच्या प्रचंड जहाजात घुसवते. पडद्यावर सगळा आवाज काही क्षण बंद होतो. अमेरिकेत एका थिएटरला पाटी लावावी लागली की ध्वनियंत्रणा बिघडलेली नाही, ही शांतता मुद्दाम आहे. प्रसंग थरारून टाकणारा आहे, यात वाद नाही. पण जिवंतपणी जिच्यावर संशय, तिची मेल्यावर पूजा, हे आपल्या देवळांत आणि पाळीव कथांत आपण पुष्कळ पाहिलं आहे. त्याग हेच बाईच्या सच्चेपणाचं प्रमाणपत्र, हे अंतराळातही सुटलेलं नाही.

तिसरं मला सगळ्यांत जास्त खटकतं. बंड मोडल्यावर बेशुद्ध पोकडे पाहून होल्डो म्हणते की पोरगा उपद्व्यापी आहे, पण मला आवडतो. लेया म्हणते, मलाही. दोघी कौतुकाने हसतात. त्याच्या उद्योगांनी पुढे इतकी माणसं मरतात, तरी त्याबद्दल त्याला कुणीही जाब विचारत नाही. उलट शेवटी लेया सगळ्यांना त्याच्या मागे जायला सांगते. पो शिकला, बदलला, हे खरं. लढाईत माघार घेऊन माणसं वाचवायला तो तयार होतो. पण त्याच्या शिकण्याची फी कुणी भरली? थोरल्या बायकांनी शिकवायचं, पोसायचं, माफ करायचं, मरायचं. आणि मुलगा तयार झाला की गादी त्याला द्यायची. आपल्या किती संस्था, संघटना, घरं याच रीतीने चालतात, ते प्रत्येकीने आपापल्या मनात मोजावं.

तरीही या चित्रपटाने दोन गोष्टी अशा केल्या, की त्यासाठी मी तो मुलींना दाखवीन. एक म्हणजे रोझ. ती ना राजकन्या, ना योद्धी. जहाजाच्या पोटात नळ, पाइप, यंत्रं दुरुस्त करणारी ही कामगार मुलगी. पहिल्याच हल्ल्यात तिची बहीण गेली आहे. भूमिका केली केली मरी ट्रॅन हिने. व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासितांची ही मुलगी, आणि या मालिकेत प्रमुख भूमिका मिळालेली पहिली आशियाई वंशाची बाई. शेवटच्या लढाईत फिन स्वतःला शत्रूच्या तोफेवर झोकून द्यायला निघतो, तेव्हा रोझ त्याला अडवते. शत्रूचा द्वेष करून नव्हे, तर आपल्या माणसांना वाचवून आपण जिंकू, असा तिच्या सांगण्याचा अर्थ. पुष्कळांनी त्याची टिंगल केली. मला मात्र त्यात दिसलं ते रोज सगळं चालू ठेवणाऱ्या, सांधणाऱ्या, निभावणाऱ्या कामाचं मोल. ते काम जगभर बहुतेक बायकाच करतात आणि त्याला शौर्य म्हणायची पद्धत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रे. या नव्या तीन चित्रपटांची नायिका. मागच्या भागापासून सगळे विचारत होते, हिचे आईबाप कोण? एवढी शक्ती आली म्हणजे नक्कीच कुणा थोराची मुलगी! 'लास्ट जेडाय'ने उत्तर दिलं: कुणाचीच नाही. भंगार विकणारे, दारूच्या पैशासाठी पोर विकणारे आईबाप. म्हणजे गुण कुळातून येत नाहीत. नावापुढे आधी बापाचं आणि मग नवऱ्याचं नाव लावत जगणाऱ्या, 'तू कुणाची गं?' या प्रश्नाला लहानपणापासून उत्तर देत आलेल्या आपल्यासारख्यांना या उत्तराचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

पुढे जे घडलं ते आपण ध्यानात ठेवण्याजोगं आहे. हा चित्रपट अनेकांना आवडला नाही. त्यांतल्या सगळ्यांना बायकांचा राग होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. जुगाराच्या शहरातला भाग लांबलेला आहे, आणि म्हाताऱ्या, हताश ल्यूकला पाहून जुन्या प्रेक्षकांना खरंच वाईट वाटलं. पण जानेवारी २०१८ मध्ये एका अनामिकाने या चित्रपटाची स्वतः कापलेली प्रत इंटरनेटवर सोडली. बायकांचे प्रसंग शक्य तितके उडवलेले, लेयाने पोला खडसावणंसुद्धा काढलेलं. मूळ चित्रपट १५२ मिनिटांचा. उरला ४६ मिनिटांचा. बायका वगळायच्या तर दोन तृतीयांशाहून जास्त गोष्टच वगळावी लागली! याहून चांगली समीक्षा त्या गृहस्थाला ठरवूनही लिहिता आली नसती.

हे हसण्यावारी नेता येतं. केली मरी ट्रॅनचं नाही येत. तिच्या रूपावरून, वंशावरून, बाई असण्यावरून तिला इतकं छळलं गेलं की २०१८च्या जूनमध्ये तिने आपल्या इन्स्टाग्राम खात्यावरचं सगळं पुसून टाकलं. ऑगस्टमध्ये तिने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहिला. आपल्याला गप्प केलं जाणार नाही असं सांगितलं आणि आपलं खरं, व्हिएतनामी नाव जाहीर केलं: लोन. अमेरिकनांना उच्चारायला सोपं जावं म्हणून तिच्या आईवडिलांनी आपली नावं बदलली होती, हेही तिने लिहिलं.

आणि २०१९ मध्ये पुढचा भाग आला, 'द राइज ऑफ स्कायवॉकर', दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स. त्यात रोझ जवळजवळ नाहीशीच झाली. १४२ मिनिटांच्या चित्रपटात तिच्या वाट्याला जेमतेम सव्वा मिनिट. कुणाचीच नसलेली रे निघाली जुन्या सम्राटाची नात. कुळ परत आलं, शक्तीला आजोबा मिळाला. पो झाला जनरल. निर्मात्यांच्या मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण पडद्यावर जे उरलं ते असं आहे. एका भागाने मोठ्या कष्टाने उघडलेली दारं दुसऱ्या भागाने दोन वर्षांत लावून घेतली. सीक्वेल ही अशी गोष्ट असते: पुढचा भाग सांगणारा मागच्या भागाचा अर्थही बदलू शकतो. म्हणून पुढचा भाग कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न कायम राजकीय असतो.

म्हणून मैत्रिणींनो, मुलांबरोबर असा चित्रपट बघायची वेळ आली तर उठून स्वयंपाकघरात जाऊ नका. बसा, आणि संपल्यावर त्यांच्याशी बोला. पोने लपवलं ते तुला चाललं, होल्डोने लपवलं ते का नाही चाललं? ही गोष्ट होल्डोने सांगितली असती तर कशी सांगितली असती? दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना हे प्रश्न पटकन समजतात आणि ती भांडतात, वाद घालतात. घालू द्यावा. उद्या त्यांच्या वर्गात, कचेरीत, गावात एखादी बाई खुर्चीवर बसलेली असेल आणि कुणीतरी म्हणेल, बाई काही सांगतच नाहीत. तेव्हा त्यांतल्या एकाने जरी विचारलं की, आधीचे साहेब तरी सांगायचे का, तर चित्रपटाचं तिकीट वसूल झालं असं मी समजेन.